येते हं

पुलाउ उबीन बेटावरून परतल्यावर बूट धुवायला घेतले की खारफुटीच्या चिखलाचा खारट, किंचित कुजका वास येतो आणि मी पुन्हा सतरा वर्षांची होते.

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या निवडक मुलांना शास्त्रज्ञांबरोबर वर्षभर संशोधन करायला मिळायचं. त्यासाठी माझी मुलाखत होती. एसीची गारठलेली खोली, समोर पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका आणि टेबलाखाली त्यांचे चिखलाने माखलेले बूट. वास तिथूनच येत होता. खारफुटीची मुळं चिखलातून वर का येतात, त्यांनी विचारलं. "श्वास घ्यायला," मी म्हणाले. पुढचे दोन प्रश्न मला आले नाहीत. तसं मी सरळ सांगून टाकलं.

उठताना सवयीने तोंडातून निघालं, "ओके मॅडम, आय विल कम."

"कम व्हेअर?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमधून निघताना मी "जाते" म्हटलं, की आई दारातच अडवायची, "जाते नाही गं, येते म्हण." मी त्यांना ते समजावून सांगितलं. आमच्यात निघतानाच परत येणार म्हणून सांगतात.

त्या हसल्या नाहीत. इथल्या बोलीतला 'लाह' जोडून म्हणाल्या, "देन कम लाह. सॅटर्डे. ओल्ड शूज."

आता त्याच टेबलाशी बसून मी मुलाखती घेते. मुलं फाडफाड उत्तरं देतात, आणि माझं लक्ष असतं ती उठताना काय म्हणतात तिकडे.