आयसीयूतला मोठा पट्टा

आमच्या लॅबमधल्या मशीननं बुरशीचं नाव दिलं आणि मला ते पटेना.

दिलावरभाई मलकापूरचे, फर्निचरला पॉलिश करणारे. स्वादुपिंडाला सूज येऊन ते आमच्या कोल्हापुरातल्या हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. ताप उतरत नव्हता. त्यांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्त पोषक द्रवात ठेवून काय वाढतं ते बघतात त्या तपासणीत, यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलं होतं. पाव फुगवणाऱ्या यीस्टचंच हे भावंड. धडधाकट माणसाला सहसा त्याचा त्रास नसतो. आयसीयूतल्या माणसाच्या रक्तात शिरलं तर जीव घेऊ शकतं.

मशीननं छापलेली जात क्वचितच सापडते. पण आमचं मशीन जुनं होतं, आणि अशी मशीनं कॅन्डिडा ऑरिस या जातीला चुकून तेच नाव देतात हे मला माहीत होतं. ऑरिसवर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध बहुधा चालत नाही. दिलावरभाईंना तेच चालू होतं.

मी आयसीयूचे प्रमुख डॉ. सरनोबत यांना फोन लावला.

"सर, फ्लुकोनाझोल बंद करा. मायकाफंजिन लावा."

"रिपोर्टवर ऑरिस आलंय?"

"नाही. मशीन चुकतंय."

"मशीन चुकतंय असं मी केसपेपरवर लिहू काय, मॅडम?"

"माझं नाव लिहा."

"लिहितो. मोठ्या अक्षरात लिहितो."

औषध बदललं. मी ती बुरशी बेचाळीस अंशांवर वाढत ठेवली. मशीननं सांगितलेली जात एवढ्या उष्णतेत वाढत नाही, ऑरिस वाढते. दुसऱ्या दिवशी प्लेटवर ठिपके दिसले, म्हणजे ऑरिसच. दिलावरभाईंचं थर्मामीटर, स्टेथोस्कोप, सगळं वेगळं करायला सांगितलं.

तोवर सात नंबरच्या बेडवरच्या आजींच्या रक्तातही तीच बुरशी निघाली. दिलावरभाई दोन नंबरला. मधल्या चौघांच्या काखेतले स्वॅब मात्र निगेटिव्ह. चौघांना सोडून ती सातवर कशी गेली? नर्स वेगळ्या, डॉक्टर वेगळे. घरी जेवताना माझ्या डोक्यात बेडचे नंबरच फिरत होते. शेवटी मी आयसीयूत स्टूल टाकून बसले आणि नुसती बघत राहिले.

इन्चार्ज भारती सिस्टरनी दिलावरभाईंच्या दंडावरचा बीपीचा पट्टा सोडवला, पुसला आणि सात नंबरला नेला.

"सिस्टर, हा पट्टा कुणाचा?"

"कुणाचा म्हंजे? मोठा एकच हाय की. सुजल्याल्या हाताला बाकीचं बसत न्हाईत, रीडिंग चुकतंय."

"पुसता कशानं?"

"निळ्या लोशननं. दर टायमाला."

"ब्लीचनं नाही?"

"नको, मॅडम. मागचा ब्लीचनंच फाटला. दुसरा मागून मागून तोंड दुखलं. ह्यो जिवापाड जपलाय."

निळं लोशन बहुतेक जंतू मारतं. ऑरिसला ते पुरत नाही, तिला क्लोरीन लागतं, म्हणजे ब्लीचच. आणि अंगावर सूज येते ती सगळ्यात जास्त आजारी माणसांच्या. पट्टा नेमका त्यांच्याकडेच जात होता.

पट्ट्याच्या स्वॅबमध्ये ऑरिस वाढली. सिस्टर खुर्चीत बसल्या.

"म्हंजे आम्हीच नेली?"

"पट्ट्यानं नेली. एकच पट्टा का होता, तेही मी रिपोर्टमध्ये लिहिणार आहे."

आजींनाही मायकाफंजिन लावलं होतं. त्या वाचल्या नाहीत. दिलावरभाईंचा ताप उतरला, नंतरची कल्चर निगेटिव्ह आली. त्यांच्या पत्नी रेहाना लॅबच्या दारात आल्या.

"म्याडम, त्या आजीस्नी आमच्याकडनं लागलं व्हय?"

"तुमच्याकडून नाही. आमच्या पट्ट्यावरून. तुमच्या माणसालाही ती इथंच लागली असणार."

"मग त्यांच्या पोराला सांगितलासा का?"

सांगितलं नव्हतं. सरनोबत म्हणाले, हॉस्पिटलच्या वकिलांना आधी विचारू. मी म्हटलं, विचारा, मी तोवर फोन लावते. शेवटी आम्ही दोघांनी मिळून त्या मुलाला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "आता किती पट्टं हायत?"

"आजपासून प्रत्येक बेडला दोन्ही मापांचे, वेगळे."

तो उठून गेला.

आयसीयूत जी वस्तू एकच असते आणि जिवापाड जपली जाते, तीच सगळ्यात जास्त फिरते. आता संसर्ग पसरताना दिसला की मी पहिला स्वॅब तिचाच घेते.