मास्तरांनी काढलेले अप्पा

मास्तरांच्या रंगांच्या डब्यात काळी ट्यूब नव्हती. जन्मभर काळ्या माणसांची चित्रं काढणाऱ्याकडे काळा रंग नाही, याचं नवल कुणी बोलून दाखवलं की त्यांचा पारा चढायचा. मग ते समोरच्याला हात उन्हात धरायला लावत आणि त्यात निळा कुठे, तांबडा कुठे, जांभळा कुठे ते बोट ठेवून दाखवत. म्हणायचे, "काळा रंग कोळशाला असतो. माणसाला काळा म्हणणाऱ्याला नीट बघायचा कंटाळा असतो."

मास्तर घानाचे, कुमासीचे. तिथे शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणू लागलो. इथे परदेशात, क्वेकर्स हिल या उपनगरात, आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायचे. सकाळी एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या आणि दुपारनंतर कारपोर्टमध्ये, गाडी ठेवायच्या छपराखाली, आश्रमातल्याच नर्सना, सफाईवाल्यांना खुर्चीत बसवून रंगवायचं, हा त्यांचा दिवस. हसायला सक्त मनाई. फोटोसाठी दात दाखवायची सवय लागलेली माणसं पहिला अर्धा तास नुसती बोलणी खायची.

लॉकडाऊनच्या हिवाळ्यात, इथे तो जून ते ऑगस्ट, ते फारच भडकलेले असायचे. समुद्राकाठच्या श्रीमंत वस्त्यांत लोक वाळूत फिरत होते आणि शहराच्या आमच्या पश्चिमेकडच्या भागात, लोक घरातच आहेत ना ते बघत, दारोदार सैनिक फिरत होते. त्यातच एका गॅलरीने कामगारांचे आभार मानायला प्रदर्शन ठरवलं आणि मास्तरांना कळवलं, की चित्रं उत्तम आहेत, फक्त चेहरे जरा आनंदी हवेत. मास्तरांनी एका ओळीत उत्तर पाठवलं: आधी त्यांना रजा द्या, मग हसतील. प्रदर्शन त्यांच्याविनाच झालं.

माझ्याही डोक्यात राख होतीच. त्याआधी मे महिन्यात पुण्यात अप्पा कोविडने गेले. भारतातून परत आलात तर तुरुंगात टाकू, असं इथलं सरकार आपल्याच नागरिकांना बजावत होतं. वडिलांना अग्नी दिलेला मी फोनच्या पडद्यावर पाहिला. मग दादाने घरात लावलेला फोटो पाठवला. स्टुडिओवाल्याने अप्पांना कोट-टाय चढवला होता आणि चांगलं गोरं केलं होतं. आपल्याकडे मेलेल्या माणसाला एवढा मान देतातच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते. तोच फोटो दाखवून मी मास्तरांना म्हटलं, याच्यावरून मोठं ऑइल पेंटिंग करून द्या.

वडील काय करायचे, त्यांनी विचारलं. बांधकाम खात्यात मुकादम होते, तीस वर्षं डांबरी रस्त्यांवर उभे, मी सांगितलं. मास्तरांनी फोन माझ्या हातात परत ठेवला.

"हा माणूस एक दिवस उन्हात उभा राहिलेला नाही. तुझ्या वडिलांना घेऊन ये."

मी तडकलो. मेलेल्या माणसाला कुठून आणू, म्हणून ओरडलो आणि जिना चढून वर आलो. पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

मग एका रविवारी त्यांनी खालून हाक मारली. एकमेकांच्या घरात जायला बंदी होती, पण ड्राइव्हवे सगळ्यांचा. तिथे खुर्ची मांडलेली. मुलाच्या तोंडावर बापाचं थोडंफार उरलेलं असतं, म्हणत त्यांनी मला बसवलं आणि दोन मीटरवरून प्रश्न सुरू केले. टोपी घालायचे का? चिडले की आठी कुठे पडायची? अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. चाळीस वर्षं ज्याचा मुलगा म्हणून मिरवलो त्याचा चेहरा मला पाठ नव्हता. तिथूनच आईला फोन लावला. ती म्हणाली, टोपीखालचं कपाळ उजळ आणि त्याच्या खाली सगळं रापलेलं, मध्ये रेघच होती ह्यांच्या. स्टुडिओवाल्याने नेमकी तीच पुसली होती.

सहा रविवारांनी अप्पा उभे राहिले. रापलेले, डोळे बारीक केलेले, आता रोलरवाल्यावर खेकसणार असे. मी ढसाढसा रडलो. व्हिडिओवर दादाला दाखवलं. तो म्हणाला, "अरे, छानच आहे. पण जरा उजळ करायला सांग ना त्यांना. लोक येतात घरी."

आणि मी, नालायक, खाली जाऊन मास्तरांना तेवढं विचारलं. वाटलं, आता आपली धडगत नाही. पण ते ओरडले नाहीत. ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि माझ्या हातात दिला.

"तूच कर. बापाला पुसायला परका माणूस कशाला हवा?"

मी ब्रश परत त्यांच्या हातात दिला.

विमानं सुरू झाल्यावर चित्र पुण्याला गेलं. दादाने ते कपाटामागे ठेवलं. भिंतीवर अजून ते कोट-टायवाले गोरे गृहस्थ हार घालून बसलेत. आई म्हणते, ज्याच्या घरी राहते त्याच्या भिंतीबद्दल मी काय बोलणार. मास्तरही कुमासीला गेले. त्यांची आई त्याच काळात वारली होती आणि तिला माती द्यायलाही त्यांना जाता आलं नव्हतं. ते परत आले नाहीत. मध्यंतरी फोनवर मी त्यांना दादाचा हट्ट सांगितला आणि म्हटलं, भांडून दमलो, आता सोडून देतो. पलीकडचा आवाज एकदम चढला.

"तू भांडायचं थांबलास, की तो माणूस खरंच गेला."

म्हणून मी दर रविवारी पुण्याला फोन लावतो. दादा तब्येत विचारतो, इथली हवा विचारतो. मी म्हणतो, अप्पांना बाहेर काढ.