दुमानाचा आवाज

सावेताबाईची म्हैस पान्हा चोरत होती आणि शुक्रवारी खाटकाची गाडी यायची होती. गोष्ट खरी एवढीच. मध्ये डायनोसोर घुसले, त्याला मी काय करू?

आमच्या हत्सेगच्या खोऱ्यात ओढ्याकाठी त्यांची हाडं सापडतात. आमचे डायनोसोर बुटके, मोठ्या बैलाएवढे, पण आम्हाला त्यांचा भारी अभिमान. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यावर फिल्म करायला शहरातून फिल्मवाले आले, सावेताबाईच्या गोठ्यात केसाळ माइक धरून बसले आणि तिच्या दुमाना म्हशीचं रेकणं भरून घेऊन गेले. गावाने यथेच्छ चेष्टा केली.

यंदा दुमाना म्हातारपणाने गेली. तिची लेक स्तेला नुकती व्यालेली; शेजारी आई रेकली की हिचा पान्हा सुटायचा. आता रेडकू लुचायला गेलं तरी लाथ. सावेताबाईने गोंजारलं, मक्याच्या पिठाची गरम मामालिगा चारली, देवळातलं पाणी शिंपडलं. बादली कोरडीच.

"वहिनी, भाकड जनावर किती दिवस पोसणार?" दीर निकोडिम म्हणाला. वाईट नाही हो माणूस, पण हिशेबी. आणि सावेताबाईच्या घरात त्या म्हशीखेरीज दुसरं बोलायला होतं कोण?

रविवारी प्रार्थनेनंतर शाळेत ती फिल्म दाखवली. पडद्यावर आमचा बुटका घरट्यापाशी उभा. वरून विमानाएवढं पाखरू झेपावलं, तशी त्याने मान उंचावून आरोळी ठोकली. निवेदिका गंभीरपणे म्हणाली, "ही शत्रूला दिलेली धमकी आहे."

"धमकी कसली डोंबलाची!" सावेताबाई उठूनच उभी राहिली. "ती दुमाना आहे. धारेची वेळ झाली म्हणून मला बोलावतेय."

सगळी शाळा हसली. सावेताबाई मात्र हसली नाही. तिने मास्तर ओविदिऊंची बाही धरली. "मास्तर, हे तुमच्या फोनवर लागतं का? मग चला."

गोठ्यात मास्तर कोटासकट शेणात उभे राहिले. सावेताबाईने बादली गुडघ्यात धरली आणि त्यांना मानेने खूण केली. फोनमधून आरोळी घुमली. स्तेलाचे कान उभे राहिले. तिने आईच्या रिकाम्या दाव्याकडे पाहिलं, लांब श्वास सोडला आणि मागचा पाय हळूच सैल केला. बादलीत पहिली धार वाजली. सावेताबाईचं कपाळ म्हशीच्या पोटाला टेकलं ते तिथेच राहिलं. डोळे वाहत होते, पण हात थांबले नाहीत.

दारात निकोडिम आला होता. बादलीकडे बघून म्हणाला, "गाडीवाल्याला नको म्हणून कळवतो."

"ही शत्रूला दिलेली धमकी आहे," फोनमधली बाई म्हणाली.

"मास्तर, हिला म्हणावं, गप बस," सावेताबाई नाक ओढत म्हणाली. "आणि दुमानाला परत बोलवा. अजून दोन सड राहिलेत."