दोरीवरचे शर्ट

माझी भाची परवा म्हणाली, "मावशी, तू पुरुषांचे जुने शर्ट घालायचीस ना? सध्या तीच फॅशन आहे. काही टिप्स दे ना!" सध्या म्हणे! त्या शर्टांपायी धुळ्यात माझ्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली होती, आणि हिला टिप्स हव्यात.

ती ऐंशीनंतरची वर्षं. मी मूळची चोपड्याकडची, नोकरी धुळ्यात, माती तपासायच्या प्रयोगशाळेत. सायकलवरून खेड्यांत जायचं, शेतात खड्डा खणायचा आणि मातीचे नमुने पिशव्यांत भरून आणायचे. साडी नेसून हे करून बघा एकदा. निऱ्या चेनमध्ये, पदर कपाशीत, आणि पेन्सिल, सुतळी, चिठ्ठ्या ठेवायच्या कुठे? साडीला खिसा नाही, ब्लाउजला नाही, पंजाबी ड्रेसलाही नाही. बायकांचे कपडे पहिल्यांदा कुणी शिवले, त्या माणसाला मला एकदा गाठायचंय.

नवीन पँट शिवायला टाकावी तर शिंपी माझं माप घ्यायलाच तयार होईना. "घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा," म्हणाला. घरातला पुरुष कुठून आणू? शेवटी आमच्या गल्लीत येणाऱ्या भांडेवालीला गाठलं. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बाई ती. तिच्यापुढे मी पितळी तपेली ठेवली आणि म्हटलं, "त्या गाठोड्यातले शर्ट-पँट दे."

"ओ ताई, मी कपडे घेते. देत नाही," ती म्हणाली. "असा उलटा धंदा कुणी करतं का?" घासाघीस करून तिचा आणि माझा घसा बसला, तेव्हा कुठे मला दोन पँट आणि तीन शर्ट मिळाले. अकलेचे दिवे पाजळले ते इथे. जी भांडेवाली आमच्या गल्लीत फिरते तिच्या गाठोड्यात माल आमच्याच गल्लीचा असणार, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

हं, टिप्स. शर्ट खांद्यात बसला पाहिजे. पोटात ढगळ चालतो, खांद्यात नाही. टेरिकॉट घेऊ नका, उन्हात जीव जातो. पँटच्या कमरेला चुण्या पडतातच. पट्ट्याला चांभाराकडून भोक पाडून घ्या आणि शर्ट वरून सोडा. बाह्या कोपरापर्यंत दुमडा. मागून कुणी "ओ भाऊ, सरका ना!" म्हणालं तर वळून बघू नका, मुकाट्याने सरका. वळलात की पुढचा अर्धा तास खुलाशात जातो.

मी राहत होते ते घर अक्का आणि आबांचं. पुढे ते दोघं, मागे माझी एक खोली. एकट्या बाईला खोली द्यायला धुळ्यात कुणी तयार नव्हतं. अक्कांनी दिली ती एकाच अटीवर, पुरुषमाणूस येता कामा नये. ही खोली गेली असती तर नोकरी गेली असती, आणि चोपड्याला घरचे स्थळांची चळत घेऊन वाटच बघत होते. मला ते नको होतं. जिवावर आलं होतं अगदी.

त्या रविवारी मी मागच्या अंगणात तिन्ही शर्ट वाळत घातले. थोड्या वेळाने बाहेर आले तर अक्का दोरीपाशी उभ्या, आणि कुंपणापलीकडे शेजारच्या दोघीतिघी.

"हाऊ शर्ट कोना शे?" अक्कांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं.

"माझा."

"आनि हाऊ?"

"तोही माझाच. तिन्ही माझेच आहेत, अक्का. मी घालते. तुम्ही रोज बघता मला!"

"शेतमा जावाले एक घालस ते दखस मी. तीन-तीन कसाले लागतंस? खोलीमा कोन येस ते सांग, नहीतर खोली खाली कर."

आता काय बोलायचं सांगा! एक धुवायचा, एक वाळवायचा, एक घालायचा, हा हिशेब पुरुषाच्या बाबतीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा बाहेर आले. त्यांची नजर चौकडीच्या शर्टावर गेली. त्यांनी तो उलटसुलट केला, खिशाची हिरव्या दोऱ्याची शिवण बघितली आणि मोठ्यांदा म्हणाले, "हाऊ ते मना शर्ट शे! आठे कसा उना?"

आबांचा शर्ट, आणि माझ्या दोरीवर! बायांनी आधी आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत आबांकडे. बिचाऱ्या आबांच्या लक्षात यायलाही वेळ लागला की आपण काय बोलून बसलो.

आणि मला तेव्हा कळलं. ती हिरवी शिवण अक्कांच्या हातची. एक शर्ट लाँड्रीत हरवला असं त्यांनी मागे नवऱ्याला सांगितलेलं मी माझ्या खोलीतून ऐकलं होतं आणि आबा त्या लाँड्रीवाल्याशी तावातावाने भांडूनही आले होते. म्हणजे शर्ट दोरीवर कसा आला हे अक्कांना पहिल्यापासून ठाऊक होतं! तरी मला घराबाहेर काढायला निघाल्या होत्या. माझं डोकंच फिरलं.

शेजारीण तोंडावर पदर धरून हसली. तेव्हा कुठे अक्का बोलल्या. "मीच दिन्हा भांडेवालीले. डबा लिन्हा." बोलल्या त्या नवऱ्याच्या अब्रूसाठी. माझ्या अब्रूसाठी बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

मी शर्ट काढून आबांपुढे धरला. "बाईनी घालेल शर्ट मी घालू का आते?" ते म्हणाले आणि आत निघून गेले. माझी खोली राहिली. मला कुणी "चुकलं" म्हणालं नाही.

जाता जाता अक्का कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "शर्टसना बाजूले एखादं लुगडं टाकत जाय ना. लोकेसले दिसाले पाहिजे."

तर भाचीबाई, ही घे शेवटची टीप. पुढची दोन वर्षं, धुळं सोडेपर्यंत, मी दर रविवारी एक न नेसलेली, स्वच्छ, कोरडी साडी बादलीत बुडवायचे, पिळायचे आणि शर्टांच्या शेजारी वाळत घालायचे.