शिर्डीला चालत, बोरिवलीला एसटीने, आणि मध्ये ताईचा उंबरठा

शिर्डीला पायी कसं जायचं, याबद्दल हल्ली इंटरनेटवर ढीगभर माहिती सापडते. मुक्काम कुठे करायचा, फोडांना काय लावायचं, कसाऱ्याचा घाट किती वाजता चढायला घ्यायचा. परत कसं यायचं हे मात्र कोणी लिहीत नाही. बसमध्ये बसायचं आणि यायचं, त्यात काय लिहायचं? माझ्या मागच्या पोस्टखाली एका मुलाने विचारलं, "काका, परत कसे आलात?" त्याला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून ही पोस्ट. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी बोरिवलीहून शिर्डीला चालत गेलो. जाताना फारसं काही घडलं नाही. जे घडलं ते येताना.

नवस माझा नव्हता, आईचा होता. अंधेरीच्या कारखान्यात मी टेंपररी होतो. पोरगा पर्मनंट झाला तर चालत येईन, असं ती साईबाबांना बोलून बसली होती. मी पर्मनंट झालो, तोवर तिचे गुडघे गेले, आणि पुढच्या पावसाळ्यात तीही गेली. नवस बाकी ठेवू नये म्हणतात. थंडीत आमच्या चाळीतली मंडळी पालखी घेऊन निघाली, तेव्हा मीही निघालो. दुसरं कारणही होतं. बोरिवलीच्या त्या दीड खोलीत आता मी एकटाच होतो, आणि मला तिथे राहवत नव्हतं. कामावरून सुटल्यावर घरी जायचं टाळण्यासाठी मी कुठेही वेळ काढायचो. निघताना दाराला कुलूप लावलं तेव्हा मला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

चालण्याचं एक बरं असतं. सगळे आपल्याला साईराम म्हणतात, कोणी पाणी देतं, कोणी पाय चेपून देतं, आणि घरी कोण असतं हे कोणीच विचारत नाही. शेजारच्या खोलीतला दिनू परब तर घाटभर माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर टाकून चालला. इगतपुरीला दात वाजवणाऱ्या थंडीत आम्ही एका घोंगडीखाली तिघं झोपलो होतो. कित्येक महिन्यांत मला तशी झोप लागली नव्हती.

शिर्डीत दर्शन झालं आणि तासाभरात ती सगळी पालखी पांगली. घरची माणसं बस ठरवून आली होती. बायका नवऱ्यांचे सुजलेले पाय बघून ओरडत होत्या, पोरं अंगावर चढत होती. कालपर्यंतचे साईराम बघता बघता कोणाचे बाबा, कोणाचे अहो झाले.

दिनू म्हणाला, "चल ना यार बसमध्ये. धाकटीला मांडीवर घेतो, तू बस."

"नको रे, मी एसटीने जातो."

"एकटाच?"

"एकटाच."

त्याने आणखी एकदा आग्रह केला, पण मनापासून नाही. तो तरी काय करणार, बसमध्ये खरंच जागा नव्हती. शिवाय ते लोक वाटेत वणीच्या देवीचं दर्शन करून दुसऱ्या दिवशी रात्री घरी पोहोचणार होते. मी धर्मशाळेत रात्र काढली आणि पहाटे स्टँडवर गेलो.

एसटीने यायचं असेल तर पहिली गाडी धरा. नाशिकपर्यंत खिडकी मिळते आणि सिन्नरला गाडी थांबते तेव्हा भजी ताजी असतात. पण पायी गेलेल्या माणसाने खिडकीत बसू नये, हाही एक सल्ला. आम्ही सबंध दिवस तुडवलेला रस्ता गाडीने भजी पोटात उतरायच्या आत संपवला. ज्या पिंपळाखाली माझ्या टाचेचा फोड फुटला होता आणि चारजणांनी मिळून पट्टी बांधली होती, तिथून ड्रायव्हर हॉर्नही न वाजवता निघून गेला. मला त्याचा राग आला. त्या बिचाऱ्याला काय माहीत?

नाशिकला गाडी बदलून ठाण्याची घेतली. शेजारी पेरूची पाटी घेतलेली एक म्हातारी होती. तिने माझे पाय पाहिले.

"चालत गेला व्हतास का रे बाबा?"

"हो. शिर्डीला."

"मंग घरी वाट बघत्याल. कोन कोन हाय घरी?"

"आई आहे," मी म्हणालो.

का म्हणालो कोणास ठाऊक. म्हातारीने खूश होऊन एक पेरू माझ्या हातावर ठेवला, "आईला दे" म्हणून. तो पेरू हातात धरून मी घोटीपासून कसाऱ्यापर्यंत बाहेर बघत बसलो. एवढं एकटं मला स्मशानातून परततानाही वाटलं नव्हतं. घाट उतरल्यावर मी तो खाऊन टाकला.

ठाण्याच्या स्टँडवर घोडबंदरमार्गे बोरिवलीला जाणारी एसटी समोरच उभी होती. चढलो असतो तर सरळ घराजवळ उतरलो असतो. मी तिच्याकडे पाठ केली आणि घाटकोपरची लोकल पकडली. घाटकोपरला माझी मोठी बहीण, वत्सलाताई राहायची. नवरा, सासू, दोन मुलं, आणि सदा पेटलेला स्टोव्ह. तिच्याकडे जेवायचं, झोपायचं, जमलं तर आठवडाभर राहायचं, असं मी शिर्डीतच ठरवलं होतं.

आता आमच्यात एक रीत आहे, तुमच्याकडेही असेल. यात्रेहून येताना वाटेत कोणाच्या घरी पाऊल टाकू नये, सरळ आपल्या घरी जावं. नाहीतर पुण्य त्या घरी राहतं. मला हे ठाऊक होतं. राहिलं तर राहिलं, ताईकडे ते वाटून घ्यायला माणसं तरी आहेत, असा माझा हिशेब होता.

दार ताईनेच उघडलं. मला पाहून तिचा चेहरा फुलला. मग तिला कपाळावरची उदी आणि हातातली प्रसादाची पिशवी दिसली.

"घरी जाऊन आलास ना?"

"नाही. सरळ इकडेच आलो."

तिने दोन्ही हात दाराच्या चौकटीवर ठेवले. "मग आत येऊ नकोस."

"ताई, पाय बघ माझे. आजच्या दिवस राहतो."

"उद्या ये, महिनाभर राहा. आज नको."

आतून तिच्या सासूबाई ओरडल्या, "त्येका आत घेव नको गो. आदी घराक जांव दे."

मला रडू यायला लागलं होतं. "असू दे ना पुण्य इथेच. माझ्या घरी कोण आहे?"

 ताईचेही डोळे भरले होते, पण हात चौकटीवरून हलले नाहीत.

"तू आहेस ना," ती म्हणाली. "तुला नको का काही? आईने तुझ्यासाठी नवस केला होता रे, माझ्यासाठी नाही. जा."

मी जिना उतरलो. प्यायला पाणीही तिने विचारलं नाही, मीही मागितलं नाही.

घाटकोपरहून अंधेरीला बेस्टची बस होती. साकीनाक्याला नेहमीप्रमाणे अडकली. खिडकीशी बसून मी ताईला मनातल्या मनात नको नको ते बोललो. सख्ख्या बहिणीने दारातून परत पाठवलं, तेही पाय सोलवटलेले असताना. अंधेरीला गाडीत बसायला जागा मिळाली आणि बोरिवली येईपर्यंत राग ओसरला. पुढे उरली ती नुसती भीती, त्या खोलीची.

पुण्याचं मला आजही फारसं कळत नाही. त्या प्रवासातून माझ्याजवळ राहिले ते चौकटीवरचे ताईचे दोन हात. त्या दिवशी तिने मला आत घेतलं असतं, तर मी जेवलो असतो, झोपलो असतो, आणि बहुतेक ती खोली कायमची सोडून दिली असती.

चाळीत पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दिनूचं दार बंद होतं. यात्रेहून आलेल्याच्या पायावर घरच्या कोणीतरी पाणी घालायचं असतं. मी गॅलरीतल्या नळाखाली आपले आपण पाय धुतले, कुलूप काढलं, आत गेलो. प्रसाद देवापुढे ठेवला. चाळीत वाटायच्या आधी प्रसाद घरच्यांना द्यायचा, असा आईचा नियम होता. एक पेढा काढून मी तोंडात टाकला आणि तिथेच जमिनीवर बसून मोठ्याने रडलो.

आवाज ऐकून पलीकडच्या खोलीतल्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "कोण आहे रे घरात?"

"मी आहे, काकू," मी म्हणालो.