चार वाजताचा वाद

मामा जळले ते एका वाक्यावरून.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. काचेची भांडी धुवायची, पोषक रस फ्लास्कमध्ये भरायचा, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा आणि वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये उकळायचा. कॉलेजची पोरं त्यांना मामा म्हणायची, मग तिथे शिकवणारे सरही म्हणू लागले. बंद रस गढूळ झाला तर आत जंतू वाढले, म्हणजे काम कच्चं. मामांचा फ्लास्क कधी गढूळ झाला नव्हता.

रोज चार वाजता सर चहाचे दोन कप घेऊन सामानाच्या खोलीत येत आणि वाद सुरू होई. पहिला जीव कुठून आला? सर म्हणत, आपोआप. मामा म्हणत, कुणीतरी केला.

"एकोणीस वर्षं उकळतोय, सर. बोळा लावला की आत एक जंतू उठत नाही. घडवणारा नको?"

"तुमचा वाटीभर रस आणि चार दिवस! मला अख्खा समुद्र द्या, कोट्यवधी वर्षं द्या, मग बोला."

"देतो की. थांबायला सवड आहे का तुम्हाला?"

सर पोट धरून हसत. मामी घरी म्हणे, "देवाला तुमच्यासारखा वकील मिळाला, गेली बिचाऱ्याची केस." मामांना तेही गोड लागे.

यंदा नव्या मॅडम आल्या. एकदा सामानाच्या खोलीतच त्या सरांना म्हणाल्या, उकळून बंद केलेल्या रसात जीव आपोआप येत नाही, मग पहिल्यांदा तरी तो आपोआप कसा येईल? सरांनी कप खाली ठेवला. "मुद्दा आहे तुमचा."

मामा दारात परीक्षानळ्या पुसत होते. एकोणीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. तोच रस, तोच बोळा. फक्त तोंड दुसरं.

चहा आता स्टाफरूममध्ये होऊ लागला. चार वाजले की मामा घड्याळ बघत, मग दार, मग पुन्हा घड्याळ. भिंतीपलीकडून सरांचं हसू यायचं.

"कानामागून आली आणि तिखट झाली," ते घरी म्हणाले.

"सवत आल्यासारखं करताय," मामी म्हणाली. "सर काय तुमचे दादले आहेत?"

मामा ताटावरून उठले.

पुढे सर आणि मॅडमचा हाच वाद सभागृहात ठरला. शनिवारी, सगळ्या कॉलेजपुढे. मॅडम स्वतः खोलीत आल्या. "मामा, मंगळवारीच एक फ्लास्क बंद करून ठेवा. स्टेजवर दाखवीन. तुमचं काम डोळे झाकून घ्यावं, असं सरच सांगतात."

"सर सांगतात? तुम्हाला?"

"हो."

मला का नाही सांगत, हे मामांनी विचारलं नाही.

बुधवारी रस पाण्यासारखा नितळ होता. मामांनी बोळा काढला. फ्लास्क तिरपा करून करंगळी रसात बुडवली. बोळा परत लावला.

शनिवारी मॅडमनी फ्लास्कवरचं फडकं बाजूला केलं आणि तो उंच धरला. "चार दिवस झाले, आणि बघा, आत..."

आत साबणाचं पाणी असावं तसा रस. सभागृह खो खो हसलं. मॅडमचे कान लाल झाले.

"माझी कोट्यवधी वर्षं वाचली!" सर म्हणाले. "आला की जीव, आपोआप!"

मागून एक पोरगा ओरडला, "मामांचा बोळा सैल!"

मॅडमची फजिती पाहून मामांना गार वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. पण एकोणीस वर्षांच्या कामाचं नाव गेलं होतं आणि देवाची केसही. ते उभे राहिले.

"आपोआप नाही, सर. मी बोट घातलं."

"काय?"

"बुधवारी. बोळा काढून."

"का पण?"

मामांनी मॅडमकडे पाहिलं, मग सरांकडे. "तुम्ही चहाला येत नाही," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. मॅडमनी फ्लास्क टेबलावर ठेवला. "म्हणजे इथेही कुणीतरी होतंच," त्या हळूच म्हणाल्या. टाळ्या पडल्या. त्याही मॅडमलाच.

सोमवारी मामांनी मॅडमची माफी मागितली. "जाऊ द्या हो, मामा," म्हणून त्या मोकळ्या झाल्या. सर झाले नाहीत. चार वाजता ते खोलीत आले, उभ्याउभ्याच बोलले. "यापुढे रस उकळताना मी हजर असेन."

तेव्हापासून सर रोज येतात. कुकरचा काटा बघतात, प्रत्येक बोळा स्वतः दाबून पाहतात. दोघं हातभर अंतरावर उभे असतात. एकदा मामांनी धीर केला.

"सर, पण पहिला जीव?"

सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"वीस मिनिटं झाली. गॅस बंद करा."