सील न फोडलेली बारा रिळं

शुक्रवारी सकाळी वितरकाचा माणूस पेट्या न्यायला आला, तेव्हा बारा रिळांचं सील तसंच होतं. मी दारात आडवा उभा राहिलो.

"हाउसफुल आहे. पेटी हलत नाही," मी म्हणालो.

"बुकिंग एका आठवड्याचं आहे. प्रिंट अलिबागला द्यायची आहे. बाजूला व्हा."

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. पनवेलच्या एका टॉकीजमध्ये मी प्रोजेक्टर चालवायचो. माझं शिक्षण तिसरी, पण माझ्या हातून रीळ कधी तुटलं नाही. एक रीळ म्हणजे साधारण दहा मिनिटांचा सिनेमा. हा सिनेमा चोवीस रिळांचा, म्हणजे चार तासांचा होता. एका जाडजूड कादंबरीवरून काढलेला. आमचे शो तीन-तीन तासांनी लागायचे. त्यात तो बसेना.

मी टॉकीजच्या शेठना म्हणालो, दिवसाला दोनच शो लावू, पण अख्खा दाखवू. शेठनी मला वेड्यात काढलं. बारा रिळं या आठवड्यात, बारा पुढच्या आठवड्यात, असं त्यांनी ठरवलं. गर्दी असली की प्रिंट आणखी एक आठवडा ठेवून घेता यायची, ही तेव्हाची रीत. त्या भरवशावर त्यांनी वितरकाला साधा फोनही केला नाही.

मला गोष्ट आधीच ठाऊक होती. माझ्या बायकोने, सुमनने, ती कादंबरी वाचनालयातून आणून मला वाचून दाखवली होती. मी जेवायला बसलो की ती पुस्तक उघडायची. बोटीवर गेलेला मुलगा आणि खाडीकाठी त्याची वाट बघणारी आई. पुस्तक संपायला पावसाळा अन् हिवाळा, दोन्ही लागले. सिनेमाला आपण दोघं शेवटच्या रांगेत बसू, असं ठरलं होतं. पहिला भाग लागला तेव्हा ती म्हणाली, "अर्धा नको. दोन्ही झाले की एकदम बघू."

पहिला भाग लांबवर बोट दिसते तिथे संपायचा. लोक उठायचेच नाहीत.

नवीन रीळ आलं की मी ते आधी हाताने तपासायचो. ही बारा मात्र शुक्रवारी तपासू म्हणून ठेवली. तो शुक्रवार उजाडला आणि पेट्या गेल्या. शेठ वितरकाला फोनवर शिव्या देत बसले आणि आम्ही घाईघाईने मारधाडीच्या एका जुन्या सिनेमाचं पोस्टर चिकटवलं.

दुपारी जासईची एक म्हातारी आली. मिठागरावर राबलेले हात. पहिला भाग तिने तीनदा पाहिला होता, म्हणून तोंडओळख होती. तिचाही मुलगा बोटीवर होता. दोन वर्षं पत्र नव्हतं, हे तिनेच मला सांगितलं होतं. पोस्टर बघून ती पायरीवरच बसली.

"दुसरा नाय लागला?"

"नाही, मावशी. पेट्या गेल्या."

"तुला ठावं हाय ना पुढचा? तुझी बायको वाचते म्हनलास." मग हळूच विचारलं, "पोरगा येतो का घरी? तेवढाच सांग."

कादंबरीत मुलगा येतो. तोवर आई गेलेली असते.

"येतो," मी म्हणालो. "मोठी पेटी घेऊन येतो."

म्हातारीने डोळे पुसले. "मंग बरा हाय," म्हणाली आणि एस्टी पकडायला गेली.

सुमनला हे सांगितलं. तिने माझं ताट वाढलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हीपण तिला गोष्ट अर्धीच दाखवलीत."

ती प्रिंट पुन्हा पनवेलला आली नाही. टॉकीज पाडलं, सुमनही गेली. दुसरा भाग मी अजून पाहिलेला नाही. नातू म्हणतो, मोबाईलवर शोधून देतो. मी नको म्हणतो. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून काय बघायचं?

मोठ्या पुस्तकाचा एक सिनेमा करावा की दोन, यावर शिकलेली माणसं टीव्हीवर भांडतात. मला कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगेन, खुशाल दोन करा. पण सगळ्या पेट्या हातात असतील तरच पहिली उघडा. आणि बायको दोन्ही एकदम बघू म्हणाली, तर ऐकू नका.